चोपन्न पत्ते, एक वाटी चिंचोके

“छान आहे.”

मी केलेल्या पत्त्यांच्या खेळावरच्या अभिप्रायाच्या पहिल्या सात कागदांवर एवढंच होतं. एकाने ‘खूप छान’ लिहिलं होतं, एकीने शेजारी फूल काढलं होतं. मी पाच प्रश्न छापले होते. कुठे कंटाळा आला, कोणता नियम कळला नाही, कोणता पत्ता अन्यायाचा वाटला, पुन्हा खेळाल का, आणि काय बदलाल. उत्तरांच्या जागा कोऱ्याच होत्या. आपल्याकडे कुणी घरी बोलावून, चहा-पोहे देऊन, स्वतः केलेलं काही समोर ठेवलं की त्याला नावं ठेवायची नसतात. ही रीत चांगलीच आहे. पण खेळ करणाऱ्याला ती उपाशी ठेवते.

आठव्या कागदावर आमच्या आण्णांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : “श्रिंकेज धरलेलं नाही.”

मला ते कळायला दोन दिवस लागले. त्याआधी खेळाबद्दल थोडं सांगते.

खेळाचं नाव ‘धग’. चोपन्न पत्ते, एक वाटी, मूठभर कवड्या आणि शंभरेक चिंचोके. तीन ते पाच जणांनी बसायचं. प्रत्येकाच्या हाती एखादा उद्योग : फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना, साखर कारखाना, यंत्रमाग, सिमेंट, ऊसशेती. दर फेरीला उत्पादन काढलं की कवड्या मिळतात, आणि उद्योग जितका धूर सोडतो तितके चिंचोके मधल्या वाटीत पडतात. ही वाटी सगळ्यांची एकच. हातातल्या सुधारणांच्या पत्त्यांनी धूर कमी करता येतो, पण त्यांना कवड्या मोजाव्या लागतात. वाटीत ३९ चिंचोके झाले की इशारा, ४३ झाले की पुराचा पत्ता उघडतो.

हे आकडे कुठून आले ते कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे सकाळी उठल्यावर देवाच्या आधी हा आकडा बघतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, राधानगरीचे दरवाजे किती उघडले? धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. माझी आत्या नदीकाठच्या प्रयाग चिखलीला राहते. तिला आणि तिच्या सुनेला बोटीतून बाहेर काढलं, तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत कागदपत्रांबरोबर घरातला लोखंडी खलबत्ता होता. का, ते तिलाही सांगता आलं नाही. हा खेळ करायचं माझ्या मनात तेव्हापासून होतं.

खेळ म्हणूनच करायचा होता. भाषण द्यायचं नव्हतं. हवामानबदलावर चांगले खेळ जगात झाले आहेत. मॅट लीकॉक आणि मात्तेओ मेनापाचे या दोघांचा ‘डेब्रेक’ हा २०२३ चा खेळ पुण्याच्या एका मैत्रिणीकडे मी दोनदा खेळले. सगळ्यांनी मिळून जग वाचवायचं, एक अमेरिका, एक युरोप, एक चीन, आणि चौथ्याने उरलेलं बहुसंख्य जग. खेळ देखणा आणि बुद्धीचा आहे, २०२४ मध्ये जर्मनीतला जाणत्या खेळाडूंसाठीचा मोठा पुरस्कार त्याला मिळाला. पण मी त्या चौथ्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्यासमोरच्या पत्त्यांत आमचं कोल्हापूरचं, कारखान्यांचं उद्यमनगर कुठे आहे ते शोधत होते. देशांच्या उंचीवरून शिरोली एमआयडीसी दिसत नाही. मला खालून बघायचं होतं.

आता श्रिंकेज. आण्णांनी चौतीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काढली. ओतकामात साचा वाळूचा, पण त्या वाळूला आकार देणारा नमुना लाकडाचा, सागवानाचा. तो करणारा पॅटर्नमेकर. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, बिडाचं लोखंड फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. दिसायला ती साधी फूटपट्टीच, पण तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा. लहानपणी मी ती पट्टी दप्तरात घालून शाळेत नेली होती आणि माझा भूमितीचा एकही चौकोन बाईंच्या चौकोनाशी जुळला नव्हता.

“तुझ्या ह्या पत्त्यावर काय लिवलंयस? सौर छप्पर, तीन चिंचोके कमी. तीन म्हंजे तीनच व्हय?” आण्णा म्हणाले. “छापलेलं माप आणि ओतलेलं माप एक नसतंय, पोरी. पावसाळ्यात ऊन कुठलं? पत्र्यावर फाउंड्रीची धूळ बसली की कोण पुसणार? तीन पायजेत, तर साडेतीनाचं धरून चालायचं.”

माझ्या सुधारणांच्या सगळ्या पत्त्यांत हा एकच दोष होता. मी त्यावर कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आकडे लिहिले होते आणि ते पहिल्या फेरीपासून तंतोतंत लागू होत होते. आता प्रत्येक सुधारणेच्या पत्त्याच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी काढलेली आहे. पत्ता खाली ठेवल्यावर पहिल्या दोन फेऱ्या त्याचा एक चिंचोका ‘आकसतो’. एवढ्याशा बदलाने लोकांची खेळण्याची तऱ्हाच बदलली. आधी सगळे इशाऱ्याची पातळी यायची वाट बघत बसायचे आणि ३८ व्या चिंचोक्याला सुधारणा खरेदी करायचे. आता ३८ ला घेतलेली सुधारणा पुरी पडत नाही.

आण्णांची दुसरी हरकत रंगांवर होती. मी धुराचे पत्ते काळे केले होते आणि चांगले पत्ते हिरवे. फाउंड्री काळी, पवनचक्की हिरवी. त्यांनी दोन्ही पत्ते शेजारी ठेवले आणि विचारलं, “हिचं हब कशाचं असतंय?”

पवनचक्कीची तीन पाती ज्या गाभ्याला बसवलेली असतात तो हब ओतीव लोखंडाचा असतो, एसजी आयर्न या चिवट जातीच्या. वजन टनांत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर ज्या पवनचक्क्या फिरताना आपण गाडीतून बघतो, त्यांच्या पोटात कुठल्या ना कुठल्या फाउंड्रीची धग आहे. ते मला ठाऊक असायला हवं होतं, मी पॅटर्नमेकरच्या घरात वाढले आहे. आता डावात कुणाचीतरी फाउंड्री चालू असल्याशिवाय पवनचक्कीचा पत्ता खाली ठेवताच येत नाही. त्यामुळे फाउंड्रीवाल्याला भाव आला आहे. आणि काळे-हिरवे रंग मी काढून टाकले. सगळे पत्ते आता वाळूच्या रंगाचे आहेत.

मग मी कागद वाटणं बंद केलं आणि हात बघायला लागले. कंटाळलेला माणूस कधी ‘कंटाळा आला’ म्हणत नाही, तो पत्ते पालथे ठेवतो आणि शेंगदाणे उचलतो. नियम न कळलेला माणूस शेजाऱ्याच्या आधी पत्ता टाकत नाही. आणि ज्याला एखादा पत्ता मनातून पटत नाही, तो पत्ता हातात सगळ्यात उजवीकडे सरकत जातो आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो. ‘भट्टी बंद करा’ हा पत्ता असा उजवीकडे सरकताना मी तीन वेगवेगळ्या बैठकांत पाहिला.

खेळाच्या हिशेबाने तो पत्ता जोरदार होता. फाउंड्री बंद केली की दर फेरीचे पाच चिंचोके वाचायचे आणि भंगाराच्या कवड्याही मिळायच्या. कॉलेजची मुलं तो पहिल्या संधीला टाकायची. पण एका रविवारी आमच्या गल्लीतले एक मोल्डर खेळायला बसले, ठेकेदाराकडे वाळूचे साचे करणारे. त्यांना हा पत्ता आला आणि ते हरत होते तरी त्यांनी तो टाकला नाही. वाटीत ४२ चिंचोके होते. बाकीचे ओरडत होते, टाका, टाका. ते म्हणाले, “टाकतो. पण आधी सांगा, ह्या बारा माणसांनी उद्या कुठं जायचं?”

पत्त्यावर कोपऱ्यात बारा माणसांची चित्रं होती. मी ती शोभेसाठी काढली होती.

त्या प्रश्नाला खेळाकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो डाव आम्ही तिथेच थांबवला. नंतर मी माणसांचे आठ पत्ते वाढवले आणि त्यासाठी दुसरे आठ काढले. आता भट्टी बंद करायची तर तिच्यावरची माणसं दुसऱ्या कुणाच्या उद्योगात बसवावी लागतात, त्या उद्योगाच्या मालकाने हो म्हणावं लागतं, आणि शिकण्यासाठी त्यांची एक फेरी बिनकामाची जाते. ती फेरी कुणाच्या कवड्यांतून भरायची यावर टेबलावर भांडण होतं. ते मी मिटवत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते मात्र एका इंडक्शनच्या पत्त्याने.

जुन्या फाउंड्रीत कपोला असायचा. उभी भट्टी, वरून कोक, लोखंड आणि चुनखडी टाकायची, खालून ब्लोअरचा वारा. पहाटे चिमणीतून ठिणग्या उडायच्या. त्या धुराने आण्णांच्या कितीतरी मित्रांच्या छात्या खराब केल्या. मग विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेस आल्या, चिमणी गेली, शेड स्वच्छ झाली. माझ्या पत्त्यावर होतं : ‘कपोला काढा, इंडक्शन बसवा : चार चिंचोके कमी.’ सगळ्यांना हा पत्ता आवडायचा. मलाही.

माझी एक कॉलेजची मैत्रीण चंद्रपूरची. दोन दिवस राहायला आली होती, तेव्हा खेळली. तिने तो पत्ता घेतला, उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, “हे चार चिंचोके वाटीत पडत नाहीत, तर मग पडतात कुठे?”

मी म्हणाले, “पडतच नाहीत. धूर बंद झाला ना.”

“तुझ्याकडचा बंद झाला,” ती म्हणाली. “आमच्या गच्चीवर पापड वाळत घालायचे तर आई अजून वर धोतर पसरते. वीज केंद्रातल्या कोळशाची राख बसते म्हणून.”

त्या रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला सहाशेच्या आसपास युनिट वीज लागते. आपल्या देशात ग्रिडच्या, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याच्या, एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण अजून बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे टनाला चारशे किलोच्या घरात. कपोल्यात टनाला शंभर ते दीडशे किलो कोक जळतो, आणि एक किलो कोकमागे तीन किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर तीनशे ते साडेचारशे किलो. दोन्ही आकडे जवळजवळ एकच! शेडमधल्या माणसाच्या फुप्फुसाला इंडक्शन खरोखर बरं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण आकाशाच्या वाटीत ते चार चिंचोके पडतातच. फक्त विदर्भातल्या कुणाच्यातरी गच्चीवरून.

हा दोष नियमाचा नव्हता, माझ्या नजरेचा होता. चिमणी दिसेनाशी झाली की धूर संपला असं मी धरून चालले होते, आणि तीच चूक चोपन्न पत्त्यांवर छापून लोकांना वाटत होते. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने जाण्याआधी माझ्याच पेनाने एक नवा पत्ता काढला, ‘वीज कुठली?’ आता डावाच्या सुरुवातीला हा पत्ता टेबलाच्या मध्यावर ठेवतात. तो कोळशाच्या बाजूने पडलेला असेल तर इंडक्शनचे चिंचोके कमी होत नाहीत, फक्त माणसांच्या पत्त्यांवरची खोकल्याची खूण जाते. सगळ्यांनी वर्गणी काढून तो पत्ता पालथा केला, म्हणजे ग्रिडच बदललं, की मग चार चिंचोके खरोखर वाचतात. कुणालाच एकट्याने तो पालथा करणं परवडत नाही. मी तशीच किंमत ठेवली आहे.

त्या पत्त्यात दिवस आणि रात्रही आली, आणि ती सावंतवाडीहून आली. तिथल्या दशावतारी गंजिफा एकदा आजोळच्या वाटेवर मी हातात घेऊन पाहिल्या होत्या. लाखेचा गुळगुळीत थर दिलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे एकशे वीस. त्या खेळात दिवसा डाव मांडला तर रामाचा मान पहिला, रात्री मांडला तर कृष्णाचा. बाहेर उजेड आहे की अंधार यावर डाव कुणी सुरू करायचा ते ठरतं, हे मला तेव्हापासून फार सुंदर वाटत आलं आहे. आमच्या फाउंड्र्यांतही दिवस-रात्र होतीच. रात्रीची वीज स्वस्त म्हणून आण्णांच्या काळात भट्ट्या रात्री लावायच्या, सगळी गल्ली दिवसा झोपलेली असायची. सूर्याची वीज मात्र दिवसा येते. आता ‘धग’मध्ये सौर छप्पर असलेल्या भट्टीला दिवसपाळी लावावी लागते. गंजिफातली आणखी एक गोष्टही मी घेऊन पाहिली. तिथे दहापैकी पाच रंगांत आकड्यांच्या पत्त्यांचा चढता क्रम उलटा असतो, लहान आकडा मोठ्याला मारतो. मी म्हटलं, इशारा पातळी ओलांडली की आपल्याकडेही क्रम उलटू दे. मुलांना फार आवडलं. मोठ्या माणसांचा गोंधळ उडाला. काढून टाकलं.

सिमेंटच्या पत्त्याबद्दल एकाने तक्रार केली की त्याचे चिंचोके काही केल्या शून्यावर येत नाहीत, हा अन्याय आहे. हा अन्याय मी ठेवला आहे. चुनखडी भाजली की शंभर किलोमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो, भट्टी कशावरही चालवा.

आत्याला मी सगळ्यात शेवटी खेळायला बसवलं. तिच्यासमोर पुराचा पत्ता उघडायचा मला धीर होत नव्हता. ती म्हणाली, “मी खेळतो की! घाबरतीस कशाला?” आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका अजून ‘खेळतो’, ‘जातो’ असंच बोलतात. तिच्यासोबत तिच्या शेजारचे एक काका होते, ऊसवाले. पूर आला. पत्त्यावर लिहिलं होतं : ‘प्रत्येकाने पाच कवड्या द्याव्यात. ऊस निम्मा.’

आत्याने कवड्या दिल्या नाहीत. “पाणी सगळ्यांकडं एकदम येत नसतंय,” ती म्हणाली. “आधी आमच्या गोठ्यात येतंय. मग माजघरात. मग रस्त्यावर. राजारामपुरीत तुमच्या ते टीव्हीत येतंय.” ती हे रागाने बोलली नाही. दूध कसं तापवायचं ते सांगावं तसं बोलली. मी राजारामपुरीत राहते, आणि पत्ता लिहिताना पाच कवड्यांचा समान वाटा मला न्यायाचा वाटला होता. आता प्रत्येकाला सुरुवातीला उंचीचा पत्ता मिळतो. कुणाचं घर नदीकाठी, कुणाचं टेकाडावर. ४३ ला पहिला फटका काठावरच्याला बसतो, पन्नासनंतर बाकीच्यांना.

काकांचं म्हणणं त्याहून बारकाईचं होतं. “निम्मा ऊस असं काय नसतंय बघा ताई. शेंडा पाण्याच्या वर ऱ्हायला तर ऊस तगतोय, बुडका चार दिवस भिजला तरी. शेंडा बुडाला, वाढ्यात गाळ बसला, की संपलं. मग डोळं फुटून पांगशा निघत्यात. मोळीचंबी वजन भरत न्हाई.” आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा असतो, म्हणजे त्यातल्या बहुतेकाला दोन पावसाळे काढावे लागतात. २०१९ ला काकांचा तीन एकर ऊस गेला आणि बांधापलीकडचा, हातभर उंच रानातला, वाचला. दोन रानांत फरक हातभर. एकाचं सगळं गेलं, दुसऱ्याचं काही गेलं नाही.

मी तोवर सगळं सरळ रेषेत आखलं होतं. एक चिंचोका जास्त, तर एक कवडी कमी. काकांनी मला उंबरा दाखवला. त्याच्या अलीकडे काहीच होत नाही असं वाटतं, आणि पलीकडे काही उरत नाही. आता उसाच्या पत्त्यावर शेंड्याची एक रेघ आहे. वाटी त्या रेघेच्या खाली राहिली तर ऊस पूर्ण, वर गेली तर शून्य. रेघ नेमकी कितीव्या चिंचोक्यावर, ते दर डावाला एक पत्ता पालथा ठेवून ठरतं आणि पूर आल्यावरच कळतं. खेळाडूंनी यावर सर्वांत जास्त कुरकुर केली आहे. आधी कळायला हवं, म्हणतात. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “आमाला तरी कुठं आधी कळतंय?”

पुराच्याच पत्त्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मला तासभर शिकवलं. चिंचोके वाढले की पूर आला, इतकं सोपं दाखवू नका, असं त्यांचं सांगणं. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, हे खरं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हेही खरं. “पण पाऊस पडल्यावर पाण्याला जायला वाट लागते,” ते म्हणाले, “आणि निळ्या रेषेच्या आत भराव कुणी टाकला ते तुमच्या पत्त्यांत नाही.” त्यांच्यामुळे ‘निळी रेषा’ हा पत्ता आला. पूररेषेच्या आत बांधकाम केलं की एका झटक्यात दहा कवड्या, आणि त्या डावापुरती सगळ्यांची धोका पातळी ४३ वरून ४१. हा पत्ता हाती आलेला माणूस तो टाकतोच. अजून एकानेही मोह आवरलेला मी पाहिलेला नाही.

भाच्याचं राहिलं. तो अकरा वर्षांचा आहे. क्लासवरून उशिरा आला आणि चौथ्या फेरीला डावात बसला. वाटीत तेव्हा २१ चिंचोके होते. दोन फेऱ्यांत इशारा आला आणि त्यालाही दंड पडला. तो म्हणाला, “मी तर आत्ता आलो. हे माझे नाहीत.”

त्याला काय सांगायचं? हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारी सुरू होण्याआधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. आजवर जेवढा सोडला गेला त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास. आजही आपला माणूस वर्षाला सरासरी दोन टन सोडतो, तिथला चौदाच्या आसपास. आणि एकदा वर गेलेल्यातला मोठा भाग शतकानुशतकं तिथेच राहतो, वाटी आपोआप रिकामी होत नाही. तेव्हा भाच्याचं वाक्य हे जगाच्या परिषदांत आपला देश बोलतो तेच वाक्य आहे. पण आपल्या देशातही नदीकाठचा माणूस टेकाडावरच्याला तेच म्हणू शकतो.

त्याने उपायही सुचवला. प्रत्येकाचे चिंचोके वेगळ्या रंगाने रंगवायचे, म्हणजे कुणाचे किती ते दिसेल, आणि ज्याचे जास्त त्याने जास्त भरायचं. आम्ही दोघांनी एका दुपारी नव्वद चिंचोके रंगवले. त्या डावाला सगळे वाटीतच डोकं घालून बसले, मोजत राहिले, सुधारणेचा एकही पत्ता कुणी विकत घेतला नाही आणि पूर सातव्या फेरीऐवजी पाचव्याला आला. दुसऱ्यांदा तेच झालं. मग आम्ही पाचाऐवजी दोनच रंग ठेवले, तू येण्याआधीचे आणि तू आल्यानंतरचे. उशिरा बसणाऱ्याला फक्त नंतरच्यांचा दंड. भाच्याला हे पूर्ण पटलेलं नाही. आधीच्यांचा दंड कोण भरणार, हा त्याचा प्रश्न तसाच आहे, आणि माझ्याकडे त्याच्यासाठी अजून नियम नाही. मी शोधते आहे.

आता अडचण साधी आहे. ज्या छापखान्यात पत्ते छापायचे तिथे एका शीटमध्ये चोपन्नच बसतात, बावन्न आणि दोन जोकर अशी जुनी रचना. लोकांच्या सांगण्यातून वाढत वाढत माझे अठ्ठावन्न झाले आहेत. दुसरी शीट घ्यावी तर किंमत दुप्पट होते, आणि हा खेळ शाळांत आणि गल्लीत जावा असं मला फार वाटतं. म्हणजे चार पत्ते काढायला हवेत.

काल रात्री सगळे जमिनीवर मांडून बसले होते. आण्णा म्हणाले, श्रिंकेज काढू नकोस. श्रिंकेजला स्वतःचा पत्ता नाहीच, ते सगळ्यांच्या कोपऱ्यात आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते बरं झालं म्हणाले आणि चष्मा लावून एकेक पत्ता उचलायला लागले. निळी रेषा त्यांनी बाजूला काढली, मी परत आत ठेवली. यंत्रमागाचे दोन आहेत, त्यातला एक जाईल बहुतेक. भट्टी बंद करायचा पत्ता त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि मग जिथून उचलला होता तिथेच ठेवला. बाहेर पाऊस होता. आत्याला फोन केला तर म्हणाली, छत्तीस फूट आहे, उतार पडायला लागलाय, झोपा आता. अठ्ठावन्न पत्ते तसेच जमिनीवर ठेवून आम्ही दिवा मालवला. रविवारी भाचा आणि मोल्डर काका येणार आहेत, त्यांना विचारीन.